कवळीवरचा थर मोजायचा तर

कवळी स्वच्छ आहे की घाण, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, असं घरोघरी वाटतं. उजेडात धरली, चकाकली, झालं. मी धुळ्यात दातांची डॉक्टर आहे. कवळ्या बसवणं हे माझं मुख्य काम, आणि पारोळा, एरंडोल, अमळनेर या पट्ट्यातल्या शिबिरांनाही मी जाते. शिवाय एम.डी.एस.ची मुलं प्रबंधाचे विषय घेऊन चर्चेला येतात. त्यांतला एक विषय कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतोच: कवळी धुण्यासाठी अमुक गोळी चांगली की तमुक द्रावण? प्रश्न सोपा दिसतो. पण ‘चांगली’ म्हणजे प्लाक किती कमी झाला, आणि ‘किती’ म्हटलं की मोजणं आलं. इथेच घोडं पेंड खातं.

प्लाक म्हणजे कवळीला लागलेलं अन्न नव्हे. लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा आधी कवळीवर बसतो, त्यावर जिवाणू आणि बुरशी येऊन चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण करून ठाण मांडतात. नुसत्या चुळीने तो जात नाही, घासावाच लागतो. तो राहिला तर काय होतं, याचं एक उदाहरण मी मुलांना नेहमी सांगते. टोकियोतल्या ८५ वर्षांपुढच्या ५२४ वृद्धांचा तीन वर्षं माग घेतलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. रात्री कवळी घालूनच झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला, आणि याच मंडळींच्या कवळ्यांवर प्लाकही जास्त सापडला. तेव्हा हा विषय निव्वळ टापटिपीचा नाही. थर किती, हे खात्रीने सांगता आलं पाहिजे. उद्या दुसऱ्या कुणी बघितलं तरी आकडा तोच यायला हवा. त्यासाठी गेल्या काही वर्षांत जे हाती लागलं ते असं.

१. शून्य गुणांची कवळी तोंडात जाते का, ते आधी विचारा

एका शिबिरात शिरपूरकडचे एक जिभाऊ आले होते. रुमालाची घडी उलगडून त्यांनी कवळी पुढे केली. रंग लावला, धुतला, कुठे ठिपका नाही. विद्यार्थ्याने खुशीत वहीत शून्य लिहिलं. मागे उभी असलेली सून हळूच म्हणाली, “मॅडम, लग्नाकार्यात घालतात ते. एरवी डबीतच असते.”

खान्देशात अशा डबीतल्या कवळ्या पुष्कळ. खालची हलते, टोचते, भाकरी चावताना उचकटते. मग माणूस भाकरी वरणात कुस्करून खायला लागतो आणि कवळी कपाटात जाते. तिच्यावर प्लाक साचणार कुठून? अशा दहाबारा कवळ्या तुमच्या यादीत घुसल्या की सरासरी झकास दिसते आणि श्रेय गोळीला जातं. म्हणून माझ्या तक्त्यात पहिले रकाने प्लाकचे नाहीत. कवळी दिवसाला किती तास घालता, रात्री काढता का, जेवताना घालता की जेवताना काढता? शेवटच्या प्रश्नावर नवखी मुलं हसतात. पण चारचौघांत दिसायला कवळी आणि ताटावर बसताना ती पाण्याच्या वाटीत, असं करणारे आजीआजोबा मी रोज बघते. हे प्रश्न घरातल्या दुसऱ्या माणसाला वेगळं बोलावून पुन्हा विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत तर सुनेचं खरं धरावं, असा माझा अनुभव आहे. शास्त्रात हे बसत नाही, ते मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट, डॉक्टरकडे जायचं म्हणून निघताना माणूस कवळी घासून येतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, आपणही पाहुणे येणार म्हणून घर आवरतोच. यावर उपाय एकच. पहिल्या भेटीत कवळी आपणच पूर्ण साफ करायची, रंग लावून खरोखर शून्य झाल्याची खात्री करायची आणि तिथून पुढे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी मोजायची. सकाळच्या चहानंतरची कवळी आणि दुपारच्या जेवणानंतरची कवळी एकाच रांगेत बसवायची नाही.

२. रंगाआधी पाणी, आणि पाण्याला घड्याळ

प्लाक मुळात फिकट आणि पारदर्शक, डोळ्यांना पटकन दिसत नाही. म्हणून रंगद्रव्य लावतात. आपल्याकडे बहुतेक एरिथ्रोसिन, हा खाद्यपदार्थांतही चालणारा लाल रंग. पण रंगाला प्लाक तेवढा कळतो असं नाही. शेवभाजीच्या रश्शाचा तवंग, वरणाचा साका, केळ्याचा गर, सगळ्यांवर तो बसतो.

तेव्हा आधी कवळी वाहत्या पाण्याखाली धरायची. किती वेळ, ते सेकंदांत ठरवायचं आणि सगळ्यांना तेवढाच वेळ द्यायचा. नळाची धारही सारखी हवी. आमच्याकडे पाणी कधी धो धो येतं आणि कधी करंगळीएवढी धार असते. एका कवळीला जोराची धार आणि दुसरीला करंगळी, असं झालं तर तुम्ही महानगरपालिकेचा पाणीपुरवठा मोजताय. आम्ही शेवटी ठरावीक मापाचा मग घेतला आणि नळाचा नाद सोडला. मग रंग, मग पुन्हा तेवढाच वेळ धुणं, मग टिपकागदाने टिपणं. पुसायचं नाही, टिपायचं. पुसलं की थर निघतो.

रुमालात गुंडाळून आणलेली कवळी वाळलेली असते. वाळलेला थर वेगळा रंगतो, कडांना गडद आणि मध्ये फिका. अशी कवळी आधी थोडा वेळ साध्या पाण्यात ठेवायची आणि तसं वहीत लिहायचं.

३. गुलाबी पाटीवर लाल अक्षर वाचायचं कसं

कवळीचं ॲक्रिलिक हिरड्यांसारखं गुलाबी. त्यावर एरिथ्रोसिनचा लाल. गडद थर दिसतो, पण पातळ थर गुलाबी पृष्ठभागात मिसळून जातो आणि ट्यूबलाइटखाली तर दिसेनासाच होतो. मग एक जण ‘काही नाही’ म्हणतो, दुसरा ‘आहे’ म्हणतो, आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

इथे शाळेतलं भौतिकशास्त्र कामाला येतं. हिरव्या उजेडात लाल रंग काळा दिसतो. गुलाबी रंग थोडा हिरवा प्रकाश परत फेकतो, म्हणून तो राखाडी दिसतो. गणपतीच्या आराशीला लावतात तो हिरवा जिलेटीन कागद दिव्यावर चढवला आणि खोली अंधारी केली, की राखाडी कवळीवर काळे डाग उठून येतात. पहिल्यांदा हे केलं तेव्हा टाळूच्या बाजूला, जिथे आम्हाला काहीच दिसलं नव्हतं, तिथे एक पसरट काळपट डाग निघाला. त्याला बोथट उपकरणाने खरवडलं तर टोकावर पांढरट लगदा आला. ब्राझीलमधल्या संशोधकांनी एरिथ्रोसिनऐवजी न्यूट्रल रेड हा रंग बराच वापरला आहे. ज्याला जो मिळेल तो वापरावा, फक्त एका अभ्यासात मध्येच रंग बदलू नये.

४. खान्देशी तोंडातले खोटे डाग

पुस्तकं लिहिली गेली ओस्लोत, मँचेस्टरमध्ये. तिथल्या कवळीवर जे नसतं ते आपल्याकडे असतं, आणि ते ओळखल्याशिवाय गुण देऊ नयेत.

हळद. ॲक्रिलिक तिला धरून ठेवतं. पिवळी झाक म्हणजे प्लाक नव्हे. ती रंग लावण्याच्या आधीपासून असते, म्हणून आधीचा एक फोटो हवाच. चहाचंही तेच.

तंबाखू-चुना. गालाच्या आतल्या बाजूला जिथे चिमूट धरतात, तिथे कवळीच्या कडेला तपकिरी-काळा, कडक, रेषेसारखा थर बसतो. मशेरी लावणाऱ्या बायकांच्या कवळीवर पुढच्या दातांमागे हाच रंग. एक नाना मला म्हणाले होते, “ताई, मी रोज घासस, पन हाऊ डाग निंघत नई.” खोटं बोलत नव्हते ते. घासून घासून त्यांच्या कवळीचं पॉलिश गेलं होतं, डाग मात्र जिथल्या तिथे. हा डाग एरिथ्रोसिनने लाल होत नाही, किंवा वरवर होतो. त्याला वेगळा रकाना द्यायचा, प्लाकमध्ये मिसळायचं नाही. पण त्याच्या खरबरीत पाठीवर खरा प्लाक बसलेला असतो, तोही सोडायचा नाही. इथे तपासणाऱ्याची कसोटी लागते.

बोअरचं पाणी. ते जड. स्टीलच्या ज्या पेल्यात कवळी रात्रभर भिजते त्या पेल्याच्या आत पांढरी किनार बघा, तीच किनार कवळीवरही असते. व्हिनेगरचा थेंब टाकला की क्षाराचा हा थर फसफसतो. लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटने कडक झालेलं कीटण असं फसफसत नाही. शिवाय कीटणाच्या जागा ठरलेल्या आहेत: वरच्या कवळीला दाढांची गालाकडची बाजू आणि खालच्या कवळीला पुढच्या दातांमागे जिभेची बाजू. लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. पांढरेपणा या जागा सोडून सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर संशय पाण्यावर घ्यावा.

आणि ओरखडे. हा सर्वांत फसवा प्रकार. राखुंडी, मीठ, भांड्यांची पावडर, काथ्या, दंतमंजन, यांतलं काहीतरी प्रत्येक घरात कवळीवर चालतं. टूथपेस्टही त्यातच आली, कारण तिच्यातली घासणारी पूड दाताच्या कठीण आवरणासाठी असते, ॲक्रिलिक तिच्यापुढे मऊ. ओरखड्यात रंग जाऊन बसतो आणि धुतल्यावरही निघत नाही, मग स्वच्छ कवळीला दोन गुण मिळतात. शून्यावर आणलेल्या कवळीला तिथल्या तिथे पुन्हा रंग लावून बघायचं. तरीही जे लाल राहतं तो ओरखडा. त्याचा नकाशा त्या माणसाच्या कागदावर काढून ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक मोजणीतून तेवढा भाग वजा करायचा. कंटाळवाणं काम आहे. पण हे न करता काढलेले आकडे मी वाचतसुद्धा नाही.

५. तराजू नको

जळगावच्या सराफ बाजारात मिलिग्रॅमपर्यंत तोलणारे काटे आहेत, मग प्लाक तोलूनच का टाकू नये, असं एका हुशार मुलाने विचारलं होतं. ॲक्रिलिक पाणी पितं, म्हणून. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कवळीच्या ॲक्रिलिकने एका घन मिलिमीटरमागे ३२ मायक्रोग्रॅमपर्यंत पाणी शोषलेलं चालतं. दहा हजार घन मिलिमीटरच्या कवळीत हे पाणी ०.३२ ग्रॅमपर्यंत जातं. मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेल्या कवळीचं वजन तुमच्या डोळ्यांदेखत उतरत जाईल, आणि प्लाकचा पातळ पापुद्रा त्या चढउतारात कुठे हरवला ते कळणार नाही.

६. कुठे बघायचं ते आधी ठरवा

नैसर्गिक दातांवरचा प्लाक मोजायची सिल्नेस आणि लो यांची पद्धत १९६४ पासून जगभर चालते. पण ती हिरडीच्या कडेवर उभी आहे. कवळीला हिरडीची कड नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी पद्धत लागते. नॉर्वेत ॲम्ब्योर्नसेन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दिलेली पद्धत मला सर्वांत आवडते, कारण ती थोडक्यात आटपते. वरच्या कवळीची टाळूला चिकटणारी बाजू घ्यायची, तिच्यावर पाच ठरलेल्या जागा आणि प्रत्येक जागेला ० ते ३ गुण. काहीच नाही तर शून्य. डोळ्यांना दिसत नाही पण बोथट उपकरणाने खरवडल्यावर निघतो, तर एक. दिसतो, मध्यम आहे, तर दोन. भरपूर, तर तीन. एकूण जास्तीत जास्त १५.

आतली बाजू का? बाहेरच्या बाजूला पॉलिश असतं, जीभ-गाल तिथे फिरतात, ब्रशही तिथेच फिरतो. आतली बाजू टाळूच्या खाचाखोचांचा हुबेहूब ठसा, तिला पॉलिश करता येत नाही आणि लाळेचा प्रवाह तिथे पोचत नाही. बाहेरून आरशासारखी कवळी उलटी केल्यावर आत पिवळट साय, हे दृश्य नेहमीचं. दोन्ही बाजूंचे गुण मिळवून एकच आकडा काढला की आतली घाण बाहेरच्या चकाकीत बुडते. वेगवेगळे लिहावेत.

आणखी एक खोड मोडायला हवी. हे गुण म्हणजे पायऱ्या आहेत, अंतर नव्हे. दोन गुणांची कवळी एक गुणाच्या कवळीपेक्षा दुप्पट घाण असते असं नाही. तरी प्रबंधांत १.७३ आणि १.४६ अशा सरासऱ्या दशांशासकट झळकतात. मध्यक द्या, किती कवळ्या कुठल्या पायरीवर आहेत ते द्या, वाचणाऱ्याला जास्त कळतं.

७. दुसरी नजर, आणि तिचा हिशेब

एकट्याने दिलेले गुण म्हणजे मत. दोघांनी एकमेकांना न विचारता दिलेले गुण जुळले तर ते मोजमापाच्या जवळ जातात. हे सगळ्यांना पटतं, पण जुळणी मोजताना मात्र टक्केवारीवर भागवलं जातं. “मॅडम, ८४ टक्के जुळलं!” ऐकायला छान वाटतं.

आता समजा, शंभर कवळ्या आहेत. त्यांतल्या ९० मला घाण वाटल्या, तुम्हालाही ९०. दोघांनाही घाण वाटल्या अशा ८२, दोघांनाही स्वच्छ वाटल्या अशा फक्त २. जुळल्या ८४. पण आपण दोघांनी कवळीकडे न बघता, नुसतं दहातल्या नऊ वेळा ‘घाण’ म्हणायचं ठरवलं असतं तरी योगायोगाने ८२ जुळल्या असत्याच. म्हणजे डोळे उघडे ठेवून कमाई फक्त दोनाची, आणि कमावता आल्या असत्या १८. दोन भागिले अठरा, ०.११. जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडलेला कप्पा तो हाच. लँडिस आणि कॉख यांनी १९७७ मध्ये लावलेल्या फूटपट्टीवर ०.६१ ते ०.८० भरीव आणि त्यापुढे जवळपास पूर्ण एकमत. ०.११ म्हणजे दोन तपासणाऱ्यांची एकमेकांशी जेमतेम ओळख झाली आहे. पायऱ्यांच्या गुणांना भारित कप्पा लावावा, तो कोहेननेच १९६८ मध्ये दिला. त्यात एक आणि दोन यांतला फरक माफक धरतात, शून्य आणि तीन यांतला जबर.

कप्पाही फसवतो, दोन्ही बाजूंनी. सरावासाठी अगदी लख्ख आणि अगदी बरबटलेल्या कवळ्याच घेतल्या तर तो ०.९ च्या वर जातो, कारण शून्य आणि तीन ओळखायला कुणालाच कष्ट पडत नाहीत. भांडण नेहमी एक आणि दोनच्या मध्ये असतं. म्हणून सरावाच्या संचात निम्म्याहून जास्त कवळ्या या मधल्या असाव्यात. उलट, संचात सगळ्याच घाण असतील तर दोघे चांगले तपासणारे असूनही कप्पा तळाला जातो, वरच्या उदाहरणात तेही झालेलं असू शकतं. कप्प्याशेजारी गुणांचा पूर्ण तक्ता छापल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

सराव कसा घ्यायचा? दोघांनी मिळून काही कवळ्या बघायच्या आणि मोठ्याने भांडायचं. “हे दोन कसं?” “मॅडम, डाव्या कडेला बघा की.” “ती कड आपल्या पाच जागांत येतच नाही.” असं बोलणं झालं की नियम वहीत उतरतात. ते झालं की गप्प बसून, वेगवेगळ्या टेबलांवर गुण द्यायचे. काही कवळ्या गुपचूप दुसऱ्यांदा पुढे सरकवायच्या, म्हणजे माणूस स्वतःशी तरी सहमत आहे का ते कळतं. क्रम बदलत राहायचा, कारण एक बरबटलेली कवळी बघितली की पुढची मध्यमही स्वच्छ वाटते. आणि दुपारी जेवणानंतर ही परीक्षा घेऊ नये. भरीत-भाकरी खाल्लेला तपासणारा सढळ हाताने गुण वाटतो.

कोणती कवळी गोळीची आणि कोणती साध्या पाण्याची, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. गोळीला पुदिन्याचा वास असतो! चांगलं धुतल्यावरही तो रेंगाळतो. नुसतं लेबल झाकून भागत नाही.

८. फोटो खोटं बोलत नाही, पण काढणारा ठरवतो तेच दाखवतो

फोटो काढून संगणकावर लाल भागाचे ठिपके मोजायचे, ही पद्धत गुणांपेक्षा बरी. इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. टक्केवारी निघते आणि फोटो पुन्हा कुणालाही दाखवता येतो. तरी ओल्या कवळीवर फ्लॅश मारला की पांढरा चट्टा येतो आणि संगणक तो स्वच्छ धरतो. टाळूचा भाग खोलगट, वरून काढलेल्या फोटोत त्याच्या उभ्या भिंती आक्रसतात आणि नेमका तिथला थर कमी मोजला जातो. स्टँड, ठरलेलं अंतर, शेजारी मोजपट्टी, दोन बाजूंनी दिवे आणि वाकड्या भिंतींसाठी वेगळे फोटो, एवढं हवंच. किती लालला लाल म्हणायचं ही सीमा सॉफ्टवेअरमध्ये माणूसच ठरवतो. ती पहिल्या दिवशी ठरवून कागदावर लिहावी. निकाल बघून सरकवली तर पुढचं सगळं वाया.

क्षेत्रफळाला जाडी कळत नाही, हे तर आहेच.

९. आखाजी, लग्नं आणि मे महिना

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात खान्देशात मोजणी लावू नये. मांडे, आमरस, घरी आलेल्या लेकी-नातवंडं, त्यात आजीची कवळी कधी घासली जाते आणि कधी नाही. गोडही नेहमीपेक्षा जास्त. श्रावणातल्या उपासांचा उलटा परिणाम. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की म्हाताऱ्या माणसांचं तोंड कोरडं पडतं, त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्याही तोंड कोरडं करतात. लाळ कमी तर थर वेगळा. अभ्यासातल्या दोन गटांची मोजणी एकाच हंगामात, जमल्यास एकाच आठवड्यात व्हावी. पहिला गट जानेवारीत आणि दुसरा मेमध्ये असं झालं तर तो ऋतूंचा अभ्यास होतो.

१०. एकमत झालं म्हणजे खरं ठरलं असं नाही

दोघांनी मिळून हळदीच्या डागाला तीन गुण दिले तर कप्पा उत्तम येईल. म्हणून अधूनमधून थेट जिवाणू-बुरशीची मोजणी करून बघावी लागते. कवळीवरून नमुना घ्यायचा, सबुरो अगारवर कँडिडा वाढवायची, वसाहती मोजायच्या. हे महाग आहे, आणि शिबिराच्या गावाहून प्रयोगशाळेपर्यंतचा उन्हाळ्यातला रस्ता नमुन्याला मानवत नाही. बर्फाच्या डब्याशिवाय एस.टी.ने आलेल्या नमुन्यात वाटेत काय वाढलं आणि काय मेलं, कुणी सांगावं? ही मोजणी थोड्याच कवळ्यांवर करावी, पण नीट करावी. ॲक्रिलिकच्या बारीक छिद्रांत कँडिडा शिरून बसते, त्यामुळे रंगाला शून्य आणि अगारवर भरघोस वसाहती अशा कवळ्या निघतात. त्या निघाल्या की प्लाकचे गुण काय सांगू शकत नाहीत, ते कळतं.

तपासणी कवळीवर थांबवू नये. कवळी काढल्यावर टाळू बघा. सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत, की कवळीच्या आकाराचा सगळा भाग लालभडक आहे, की खरबरीत दाणे उठलेत? न्यूटनने १९६२ मध्ये केलेले हे तीन प्रकार अजून वापरात आहेत. ही लाली बहुधा दुखत नाही, म्हणून माणूस तक्रार करत नाही. वहीत कवळीच्या गुणांशेजारी टाळूचा प्रकारही लिहिला की दोन्ही रकाने एकमेकांवर नजर ठेवतात.

११. घरी करायचं तर

हे सगळं वाचून आईच्या किंवा सासऱ्यांच्या कवळीला रंग लावून बघावासा वाटला तर जरूर बघा. दंतसाहित्याच्या दुकानातून एरिथ्रोसिनचं द्रावण किंवा चघळायच्या गोळ्या आणा. किराणा दुकानातल्या मिठाईच्या रंगाच्या पुडीवर जाऊ नका, तिच्यात नेमकं काय आणि किती ते कळत नाही. गुण देत बसायचं कारण नाही. कवळी साध्या पाण्याने धुवा, रंग लावा, पुन्हा धुवा आणि आतली बाजू मोबाइलवर टिपा. मऊ ब्रश आणि हात धुवायच्या साबणाने घासा, मग पुन्हा तेच. दोन फोटो शेजारी ठेवले की ब्रश कुठे पोचत नाही ते आजोबांना स्वतःलाच दिसतं. एकदा एका आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला, बोटांनी मोठं करून बघितलं आणि बायकोकडे वळून म्हणाले, “ही मागची बाजू तू कधी बोललीच नाहीस!” त्या बाईंचा चेहरा मी वर्णन करत नाही.

ब्लीच वापरायचं असेल तर पातळ आणि दहा मिनिटांच्या आत. अमेरिकेतल्या कवळीतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ च्या मार्गदर्शनात हीच मर्यादा घातली आहे. कवळीत धातूची पट्टी असेल तर अजिबात नको. उकळतं पाणी तर कधीच नको, त्याने ॲक्रिलिक वाकतं आणि मग ती कवळी पहिल्या मुद्द्यातल्या डबीत जाते. रात्री काढून गार पाण्यात ठेवा. घासताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं किंवा जाड टॉवेल असू द्या, बेसिनमध्ये निसटून दोन तुकडे झालेल्या कवळ्या आमच्याकडे सोमवारी हमखास येतात. आणि रंग लावताना अंगात जुना शर्ट असू द्या, एरिथ्रोसिनचा डाग सुती कापडावरून सहजासहजी निघत नाही.